अ‍ॅसिडच्या खोलीतलं झबलं

मोठे साहेब दोन्ही हात पसरून उभे होते आणि मी त्यांच्या नव्या कोटाला काखेत टाचण्या लावत होतो. आणखी चार टाचण्या तोंडात. अशा वेळी शिंप्याला बोलता येत नाही, फक्त ऐकता येतं. समोर तिथली केमिस्ट कमलाक्का साडीत उभी होती.

"सोमवारपासून पँट आणि कोट घालून या," साहेब तिला म्हणाले. "नाहीतर लायब्ररीत बसा. दगडाचं काम मी दुसऱ्याला देतो."

"सर, ते काम माझं आहे."

"काम तुमचं, पदरही तुमचाच. गेल्या आठवड्यात बर्नरवर जळला तोही तुमचाच."

"पँट घालून बसमध्ये चढले तर वडील दुसऱ्या दिवशी धारवाडला परत नेतील, सर."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना तिची काळजी होती आणि त्या काळजीनेच तिचं काम जात होतं.

ही साठ सालानंतरची गोष्ट, बंगळूरची. येलहंक्याच्या रस्त्याला एक सरकारी लॅब होती. तिथल्या पुरुषांचे पांढरे कोट माझ्याकडून जायचे. माझं दुकान चिकपेटेत, मागेच घर. आम्ही जातीचे रंगारी-शिंपी, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. शाळा मला जमली नाही, पण कातर जमली. माझा कोट घातलेला माणूस पाठमोरा ओळखता येतो, असं लोक म्हणायचे. खरंच म्हणायचे.

मी टाचण्या तोंडातून काढल्या. "साहेब, साडीवर बसेल असा कोट मी शिवतो."

"मास्टर, प्रश्न बसण्याचा नाही. अ‍ॅसिडचा आहे."

"माझ्या कोटातून वारा आत जात नाही. अ‍ॅसिड कुठून जाईल?"

साहेब हसले. "सरी, ठीक आहे. सोमवारी आणा. मी स्वतः पाणी ओतून बघेन. पटलं तर राहू दे साडी."

बाहेर पडताना कमलाक्काने मला तिच्या कामाची खोली दाखवली. काचेच्या दाराबाहेर उभं राहूनच. सकाळचं धुकं अजून खिडक्यांना चिकटलेलं होतं. आत नुसती काच. काचेची पात्रं, काचेच्या नळ्या, नळ्यांतून सावकाश चढणारं काहीतरी पिवळसर. एका पात्रातून पांढरी वाफ निघत होती आणि धुराड्याच्या तोंडाशी जाऊन मुरत होती. बर्नर पेटलेला होता म्हणे, पण उजेडात ज्योत दिसतच नव्हती. आत एक माणूस हळूहळू हात हलवत होता. मला तळ्याच्या तळाशी उभं राहून वर बघितल्यासारखं वाटलं.

"डोंगरातून दगड येतो," ती म्हणाली. "त्याची पूड करायची, कडक अ‍ॅसिडात विरघळवायची. मग कळतं, दगडाच्या पोटात कोणता धातू आहे ते."

"दगड विरघळतो?"

"विरघळतो, अण्णा. मग कोट कसा टिकेल, बोला?"

कोट शिवायचाच, हे तिथे ठरलं.

बाईमाणसाचं माप शिंपी घेत नसे. मापाचा ब्लाउज यायचा, त्यावरून आम्ही शिवायचो. पण कोटाचं माप ब्लाउजवरून कसं काढणार? म्हणून कमलाक्का घरी आली, माझी बायको गिरिजा टेप घेऊन आत गेली, आणि मी पडद्याच्या अलीकडे बसून खडूने फरशीवर आकडे मांडले.

"हात वर करा म्हणावं. आता वाका. टेबलापलीकडची बाटली घेताय असं समजा."

"अहो, ती घेतेय बाटली," आतून गिरिजा म्हणाली. "तुम्ही आकडा घ्या."

कापडाचा प्रश्न आला. तेव्हा टेरिलिन नवं नवं आलं होतं. चुरगळत नाही, चमकतं. मी तेच काढलं. कमलाक्काने काठाचा एक धागा ओढला आणि माझ्या कोळशाच्या इस्त्रीला लावला. धागा जळला नाही, वितळला आणि डिंकासारखा इस्त्रीला चिकटला.

"हा अंगाला असा चिकटेल," ती म्हणाली. "सुती द्या. जाड. सुती कापड जळतं, अ‍ॅसिडाने भोकं पडतात, पण चिकटत नाही. आणि एक सांगू? कोट अ‍ॅसिड थांबवत नाही. तो आपल्याला वेळ देतो. तेवढ्या वेळात बाहेर पडायचं."

मी ऐकलं, पण तेव्हा नीट शिरलं नाही. मी ड्रिल म्हणतात ते जाड पांढरं सुती कापड घेतलं आणि आयुष्यात शिवला नव्हता असा कोट शिवला. तीन खिसे, त्यांना झाकणं. बाहीला उलटी पट्टी. कमरेत मागून अर्धा बेल्ट. पाठीला दोन चुण्या, म्हणजे वाकताना ओढ बसू नये. आणि काजं सगळी हाताने. काज म्हणजे बटणाचं घर. ते असं घट्ट विणायचं की बटण आत गेलं की आपल्या मर्जीशिवाय बाहेर येता कामा नये. चिकपेटेत माझ्यासारखं काज करणारा दुसरा नव्हता.

शनिवारी आमच्या मागच्या अंगणात ट्रायल. कमलाक्का साडीवर कोट घालून, हातात लॅबचे लांब रबरी हातमोजे चढवून धोंड्यावर उभी राहिली. काय दिसत होती! गिरिजासुद्धा बघत राहिली.

"अण्णा, ओता आता."

"काय?"

"पाणी. साहेब ओतणारच आहेत. आधी आपण बघू."

पाणी म्हटलं की आमच्या घरात रंग आलाच. पाणी वाळलं की कुठून गेलं ते कळत नाही, रंग मात्र खूण ठेवतो. गिरिजाने तांब्यात लाल रंग कालवला आणि माझी वाट न बघता तिच्या छातीवर ओतला.

"हं," कमलाक्का म्हणाली, "आता अ‍ॅसिड सांडलं. काढते कोट."

तिने बटणाला हात घातला. ओल्या रबरी बोटांतून बटण सटकत होतं. पहिलं सुटेना. दुसऱ्याकडे गेली, तेही सुटेना. माझी काजं होती ती, सुटतील कशी? शेवटी गिरिजाने पुढे होऊन कोट काढला. आतल्या पिवळ्या साडीवर बटणांच्या फटींतून उतरलेल्या लाल रेघा होत्या. खिशात तर तळं साचलं होतं. उलटलेल्या बाहीत पाणी, बेल्टच्या घडीत पाणी, चुण्यांत पाणी.

"साडी गेली," कमलाक्का म्हणाली. हसत म्हणाली, पण धोंड्यावरून उतरली ती एकदम खाली बसली. "आणि दगडही गेला, अण्णा."

"कोटात काही खोट नाही," मी म्हणालो.

"नाही हो," गिरिजा म्हणाली. "कोट फार छान आहे. तिला त्यातच पुरायचं ठरवलंत तर आणखी छान."

मी दुकानात निघून गेलो. आजही सांगतो, त्या कोटात खोट नव्हती.

दुपारी कापायच्या टेबलावर आडवा झालो. रस्त्यावरचा आवाज दूर गेला. टांग्याच्या टापा, बोहारणीची हाक, सगळं पाण्याखालून आल्यासारखं. झोप होती की नव्हती, सांगता येत नाही. मला तो कोट दिसला, पण माळरानाएवढा मोठा. पांढरं ड्रिल दूरवर पसरलेलं, आणि त्यावरून लाल पाणी चालत येत होतं. घाई नव्हती त्याला. शिवणीपाशी आलं, थोडं थांबलं, शिवणीच्या कडेकडेने गेलं. खिशापाशी आलं आणि आत बसलं, पाहुणा ओसरीवर बसतो तसं. पट्टीत बसलं. चुणीत बसलं. जिथे जिथे मी जीव लावून काम केलं होतं, तिथे तिथे ते बसत होतं. आणि जिथे मी काहीच केलं नव्हतं, नुसतं कापड, तिथून ते सरळ खाली उतरून जमिनीवर जात होतं. लहानपणी वडील तळ्याकाठी रंगवलेली लुगडी वाळत घालायचे. त्यांच्या काठांवरून रंगाचे थेंब असेच ओघळायचे. मी तासन् तास बघत बसायचो. तेवढं बघणं त्या दुपारी उपयोगी पडलं.

उठलो तेव्हा कमलाक्का अजून घरातच होती. गिरिजाची धुतलेली साडी नेसून, आपली वाळायची वाट बघत.

"खिसे नाहीत," मी म्हणालो. "पट्टी नाही, बेल्ट नाही, चुण्या नाहीत. पुढून उघडायचंच नाही. पुढे अख्खं कापड, गळ्यापासून घोट्यापर्यंत. पदर आत, निऱ्या आत."

"मग उघडायचं कुठून?"

"मागून."

"आणि बटणं?"

इथे मी अडलो. टिचबटणं लावावीत तर लॅबमधल्या वाफेने ती हिरवी होऊन अडकतात, असं ती म्हणाली.

"अण्णा, तुम्ही आजवर शिवलेल्यांत सगळ्यांत पटकन निघतं ते काय?"

मला राग आला. "मी घालायचे कपडे शिवतो, अक्का. काढायचे नाही."

गिरिजा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "झबलं."

"काय?"

"तान्ह्या पोराचं झबलं हो. त्याला कुठे बटण असतं? बंद असतात. पोर ओलं झालं की एका हाताने सोडायचं, दुसऱ्या हातात पोर असतं. आपल्या पोरांची मी शिवली, तुम्हाला कुठे वेळ होता?"

एवढी शिकलेली केमिस्ट, आणि तिला मी झबलं शिवायचं! बाजारात कळलं असतं तर चहाच्या हॉटेलात बसता आलं नसतं. पण कमलाक्का उठून उभी राहिली होती.

"शिवा," ती म्हणाली. "आजच शिवा."

शिवलं. मागे एकावर एक येणारे दोन रुंद पल्ले. गळ्याला एक बंद, कमरेला एक. दोन्ही बंद बाजूला आणून डाव्या हाताला सुरगाठ, म्हणजे एक टोक ओढलं की अख्खी गाठ सुटते. बाही सरळ, साधी. हातमोज्याचं तोंड बाहीवरून वर चढवायचं. बाटली ओतताना पुढून रबराचं एप्रन लॅबमध्ये मिळायचं, त्याला मी हात लावला नाही. रबराला सुई मारली की प्रत्येक भोक म्हणजे अ‍ॅसिडला दार. पायात चप्पल नको, बंद बूट, हे तिने आपणहून कबूल केलं. वेणीतला गजराही उतरवला.

दिसायला? दिसायला काही नव्हतं ते. पांढरी पिशवी. मी घडी घालून वर्तमानपत्रात बांधून नेलं, कुणी बघू नये म्हणून.

सोमवारी लॅबच्या अंगणात सगळे जमले. साहेबांनी बीकरमध्ये जांभळं पाणी आणलं होतं. माझ्या लाल रंगाची गोष्ट कमलाक्काने त्यांना सांगितली होती वाटतं. त्यांनी ते तिच्या गळ्याखाली ओतलं, दंडावर ओतलं. मी पाण्याकडे बघत होतो. ते कुठेच थांबलं नाही. धुक्यातून कोवळं ऊन येत होतं आणि जांभळ्या रेघा कापडावरून सरळ खाली उतरून तिच्या बुटांसमोर मातीत जात होत्या. मला पुन्हा त्या दुपारसारखंच वाटलं, जाग आणि झोप यांच्या मधलं.

"काढा," साहेब म्हणाले.

तिने डाव्या हाताने दोन हिसके दिले. खांदे पुढे केले. कोट पुढच्या बाजूने गळून पडला आणि त्याच्याबरोबर हातमोजेही उलटे होऊन निघाले. आत निळी सुती साडी. साहेब वाकून निऱ्या बघत होते. मग सरळ झाले.

"पदर?"

"कमरेला खोचलाय, सर."

"राहू दे साडी," साहेब म्हणाले.

कमलाक्काने मान खाली घातली. रडते की काय, असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "सर, आता तुम्ही."

"मी काय?"

"तुमच्या अंगावर अण्णांचा बटणांचा कोट आहे. अ‍ॅसिड पुरुषांवरही सांडतं."

सगळे हसले. साहेब मानी होते, पण रडवे नव्हते. त्यांनी उरलेलं जांभळं पाणी स्वतःच्या छातीवर ओतून घेतलं, ओले हातमोजे चढवले आणि बटणं सोडायला लागले. पहिलं बटण सुटेपर्यंत खिसा भरला. दुसरं सुटलंच नाही.

"मास्टर!" साहेब ओरडले. "हे काय शिवलंय?"

"कोट शिवलाय, साहेब," मी म्हणालो. "काढून टाकायला शिवला नव्हता."

त्या महिन्यात अख्ख्या लॅबचे कोट बदलले. पुरुषांनी खूप कुरकुर केली. झबलं म्हणाले, बाळंतपण म्हणाले. पेनासाठी एक तरी खिसा ठेवा म्हणाले. मी ठेवला नाही. एकाने स्वतः शिवून घेतला, तो साहेबांनी त्याच्यासमोर उसवला.

पुढच्या वर्षी कमलाक्का दुकानात आली. कोटाची घडी माझ्या टेबलावर उलगडली. छातीपासून गुडघ्यापर्यंत चाळण झाली होती. हात लावला तर कापड बोटाखाली पूड होऊन सुटत होतं.

"बाटली फुटली," ती म्हणाली. "ओढलं, टाकलं, नळाखाली उभी राहिले. एवढंच झालं." तिने मनगट दाखवलं. रुपयाएवढा लाल डाग. "आणि दगडात मँगेनीज निघालं, अण्णा. आता दुसरा शिवा. तस्साच."

माझं काम असं नासलेलं मी कधी बघितलं नव्हतं. बराच वेळ मी त्या भोकांतून टेबलाचं लाकूड बघत बसलो. मग ड्रिलचं ठाण काढलं.

तुमच्यापैकी कुणी असल्या कामात असेल तर माझं एक ऐका. कोट घेताना आरशासमोर घालून काय बघता? हातमोजे ओले करा, आणि काढून बघा.