अण्णांचा रिकामा पट्टा

अण्णा कुत्र्याआधी पट्टा द्यायचे. कुत्रं घ्यायचं ठरवून माणूस त्यांच्याकडे आला की ते एक नवा कोरा चामड्याचा पट्टा त्याच्या हातात ठेवायचे आणि सांगायचे, एकवीस दिवस सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला हा घेऊन फिरून या, मग बोलू. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला काही नसायचं. बहुतेक लोक आठवड्याच्या आत पट्टा परत आणून टाकायचे, आणि अण्णांना त्याचा मनापासून आनंद व्हायचा. एक कुत्रं वाचलं, असं ते म्हणायचे.

बेंगळुरातल्या शिवाजीनगरात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पणजोबा एका पलटणीबरोबर खोगीर शिवायला बेंगळुरात आले ते इथलेच झाले. पलटण गेली, घोडे गेले, तशी अण्णांच्या वडिलांनी खोगिरं सोडून कुत्र्यांचे गळपट्टे आणि हातात धरायचे पट्टे शिवायला घेतले. कँटोन्मेंटात बंगला तिथे कुत्रं, त्यामुळे धंदा बरा चालायचा. घरात मराठी चार पिढ्या टिकली होती, पण तिला कन्नडची चांगलीच फोडणी बसली होती. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा नागपूरच्या माणसाच्या आगाऊपणानं मनातल्या मनात हसले होते. पुढे त्याच मराठीनं मला वळण लावलं.

चौऱ्याण्णव साली मी लग्न होऊन बेंगळुरात आले. अरविंद, माझा नवरा, एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर होता आणि महिन्यातले पंधरा दिवस चाचण्यांसाठी बाहेरगावी असायचा. आमचं भाड्याचं घर महादेवपुराच्या अलीकडे एका नव्या लेआउटमध्ये होतं. दहा घरं बांधलेली, तीस प्लॉट रिकामे. मला कन्नडचं अक्षर येत नव्हतं. नागपूरला मी शाळेत शिकवत होते, ती नोकरी सोडून आले होते. इथे दिवसभरात दूधवाल्याशी दोन शब्द, तेही खुणेनं. बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेनं, पत्र पाठवलं होतं की दिवाळीपर्यंत जागा भरत नाही, विचार बदलला तर कळव. ते पत्र मी साड्यांच्या खाली ठेवलं होतं. दिवाळीला जायचं आणि परत यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. अरविंदला सांगितलं नव्हतं, पण त्याला वास लागला असावा, कारण त्यानं एकदम जाहीर केलं की आपण आल्सेशियन घेऊ. तुला सोबत होईल.

मी कुत्र्याला भिते, हे त्याला लग्नाआधीपासून माहीत होतं.

एका सहकाऱ्याच्या ओळखीत पिल्लं झाली होती. पिल्लू आणायच्या आधी गळपट्टा घ्यावा म्हणून अरविंद मला घेऊन अण्णांच्या दुकानात गेला. साठीपुढचे अण्णा, नाकावर चष्मा, मांडीवर कातड्याचा तुकडा, बोटं रापून तपकिरी झालेली. त्यांनी गळपट्टा दाखवलाच नाही. घरी कोण असतं, खायला कोण घालणार, एवढंच विचारलं. अरविंद म्हणाला, ही. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अरविंदच्या हातात रिकामा पट्टा दिला.

अरविंद तीन दिवस फिरला. चौथ्या दिवशी दौऱ्यावर गेला. परत आल्यावर त्यानं डोकं चालवलं आणि पट्ट्याच्या मुठीला खोबरेल चोळलं. न रंगवलेलं कातडं हाताच्या घामानं हळूहळू काळवंडतं, तेलानंही काळवंडतं. एवढं पदार्थविज्ञान त्याच्यापाशी होतं. दुकानात अण्णांनी पट्टा नाकाशी नेला आणि खाली ठेवला. म्हणाले, "साहेब, हे डोक्याला लावायचं असतंय." एवढा शिकलेला माणूस कानापर्यंत लाल झालेला मी तेव्हाच पाहिला.

मग त्यांनी दुसरा पट्टा कापला, आणि तो कापत असतानाच मान वर न करता मला विचारलं, "अम्मा, तुला पाहिजे काय कुत्रं?"

त्या दोन महिन्यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, नको. मला भीती वाटते.

"सरी, बरं," अण्णा म्हणाले. "मग हा घेऊन जा. ह्याला कुत्रं नाही की. भ्यायचं काय त्यात?"

मी पट्टा घेऊन घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सहाला बाहेर पडले. खरं सांगायचं तर रागानं पडले. तेल चोळणाऱ्या माणसाला एकवीस दिवस करून दाखवायचे आणि दिवाळीला निघून जायचं, असा हिशेब होता. स्वेटर घालून, हातात रिकामा पट्टा लोंबकळत, मी त्या अर्धवट लेआउटमध्ये चालू लागले. कोपऱ्यावर एक फुलवाली बसायची. तिनं दोऱ्यात फूल ओवता ओवता विचारलं, "नाई एल्लि?" कुत्रं कुठाय, हे कळायला कन्नड यायची गरज नव्हती. मी हातानं नाही अशी खूण केली. तिला ते फारच विचित्र वाटलं असावं. चौथ्या दिवशी तिनंच मला उत्तर शिकवलं. "बरत्ते" म्हणायचं. येईल.

मग मी सगळ्या लेआउटला बरत्ते सांगत सुटले. दूधवाला, गवंडी, निवृत्त बँकवाले, त्यांची सून, सगळ्यांनी नाई एल्लि विचारलं आणि सगळ्यांना मी बरत्ते सांगितलं. माझा कन्नडमधला पहिला शब्द तो. बँकवाल्यांच्या सुनेनं एक दिवस कॉफीला आत बोलावलं. फुलवाली गजरा बाजूला काढून ठेवू लागली. रिकाम्या प्लॉटमधली गावठी कुत्री मला भुंकायची, मी पट्टा हाताला दोन वेढे देऊन मूठ आवळून पुढे जायचे, आणि काही दिवसांनी ती भुंकायचीही थांबली. सोळाव्या का सतराव्या दिवशी लक्षात आलं की सकाळी उठून मी रोजच्यासारखी साड्यांखालच्या पत्राकडे गेले नाही.

बाविसाव्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. पट्टा कसा वाचतात ते तेव्हा पाहिलं. अण्णांनी आधी मुठीवरून अंगठा फिरवला, मग पुढे वीतभर. मुठीला रंग कमी होता आणि पुढे दोन आडव्या काळ्या रेघा पडल्या होत्या. म्हणाले, ही दोन वेढे देऊन धरते, म्हणजे भिते, पण सोडत नाही. मग अरविंदला सांगितलं की आल्सेशियन विसर. आल्सेशियनला ड्यूटी लागते, घरात ड्यूटी नाही दिली तर तो आपली आपण काढतो आणि दूधवाल्याला धरतो. आणि भिणाऱ्या माणसाच्या हातात ताकदवान कुत्रं गेलं तर दोघंही एकमेकांना बिघडवतात.

जातींबद्दल त्यांची मतं अशीच होती, पुस्तकात न सापडणारी. पॉमेरेनियन घ्यायला आलेल्याला ते आधी शेजाऱ्याचा स्वभाव विचारायचे. डॉबरमनबद्दल म्हणायचे की तो फार हुशार, मालक त्याच्याहून स्वल्प तरी हुशार पाहिजे, आणि तसे मालक कमी. एका गृहस्थांना बर्फाळ देशातला सेंट बर्नार्ड हवा होता, त्यांना अण्णांनी पट्ट्याऐवजी सांगितलं की एप्रिलमध्ये एकवीस दिवस लोकरीचा ओव्हरकोट घालून हिंडा. ते गृहस्थ रागावून गेले ते पुन्हा आले नाहीत. स्वतः अण्णांकडे मात्र कुत्रं नव्हतं. दिवसभर एका जागी बसणाऱ्यानं कुत्रं ठेवू नये, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि दुसऱ्याला लावलेला नियम ते स्वतःलाही लावायचे.

आम्हाला त्यांनी दुकानामागच्या अंगणात नेलं. तिथे एक पिवळसर लॅब्रेडॉर आडवी पडली होती. रोझी. मालक परदेशी गेले होते आणि चांगलं घर मिळेपर्यंत ती अण्णांकडे पाहुणी होती. वय सहा वर्षं. अरविंदचा चेहरा पडला. त्याला पिल्लू हवं होतं. पहिलं कुत्रं, आणि तेही अर्धं आयुष्य संपलेलं? त्यानं ते बोलून दाखवलं.

"तू काय पाळण्यातला आहेस?" अण्णा म्हणाले. "पहिल्यांदा पाळायचं तर दोघांतल्या एकाला तरी काम येत असलं पाहिजे की. हिला येत नाही. रोझीला येतंय."

या वेळी मी नको म्हटलं नाही, रोझी घरी आली, आणि तिला खरंच येत होतं. जिना चढताना ती माझ्यासाठी थांबायची. मी घाबरून मूठ आवळली की ती ओढणं सोडून खाली बसायची, माझा श्वास जागेवर येईपर्यंत. अडचण एकच निघाली. तिला मराठी येत नव्हती आणि इंग्रजी मालकांनी शिकवली नव्हती. तिला सांभाळलं होतं त्यांच्या स्वयंपाकीणबाईंनी, कन्नडमध्ये. बस म्हटलं की बघत राहायची, कूतको म्हटलं की बसायची. बा म्हणजे ये, बेडा म्हणजे नको. मी घरात दिवसभर कन्नड बोलू लागले, चुका केल्या तरी ती कुणाला सांगणार नव्हती. दिवाळीला नागपूरला गेले आणि आठव्या दिवशी परत आले. बाईंना जाऊन सांगितलं की जागा भरून टाका. त्यांनी कारण विचारलं तेव्हा कुत्रं आहे म्हटलं. पुढच्या जूनमध्ये मला लेआउटजवळच्याच शाळेत नोकरी लागली.

पाच वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही शिवाजीनगरला जायचो. पट्ट्याची शिवण उसवायची, किंवा उसवली असं मी म्हणायचे. रोझी अण्णांच्या पायावर हनुवटी टेकून पडायची. तोवर रंगीबेरंगी नायलॉनचे पट्टे आले होते आणि लोक तेच घ्यायचे. कुत्री दुकानात थेट पिंजऱ्यातून विकली जाऊ लागली, एकवीस दिवस थांबायला कुणाला वेळ नव्हता. अण्णांच्या डोळ्यांत साखर उतरली, दिसणं कमी होत गेलं. शेवटी दुकान बंद करून ते आनेकलला मुलीकडे राहायला गेले. जाताना त्यांनी तक्रार केली नाही. हात अजून चांगले आहेत, एवढंच म्हणाले.

रोझी अकराव्या वर्षी गेली. म्हातारपणच होतं, दुसरं काही नाही. आठ दिवसांनी मी पट्टा घेऊन एकटीच बसनं आनेकलला गेले. वस्तू त्यांची होती, परत करायला हवी होती. अण्णा ओसरीवर खुर्चीत बसले होते. त्यांना आता आकारही नीट दिसत नव्हते. माझा आवाज ओळखला आणि सवयीनं पाय पुढे सरकवून थांबले. पायावर काही येऊन टेकलं नाही.

"नाई एल्लि?" त्यांनी विचारलं.

पाच वर्षांपूर्वी अख्ख्या लेआउटला दिलेलं उत्तर त्या दिवशी चालणार नव्हतं. मी म्हटलं, "होय्तु, अण्णा." गेली. मग मी रडले. घरी रडले नव्हते.

त्यांनी हात पुढे केला, मी पट्टा दिला. मुठीवरून अंगठा फिरवला, मग पुढे वीतभर, जिथे ते दोन वेढे होते. आता मूठच तेवढी गुळगुळीत होती. "एका बोटावर धरायचीस," ते म्हणाले. आवाजात समाधान होतं, आणि मला त्या क्षणी त्याचा राग आला, मग बरंही वाटलं. थोडा वेळ पट्टा मांडीवर राहू दिला, मग गुंडाळून माझ्या हातात परत ठेवला. म्हणाले, "उद्या सहाला."

ती आमची शेवटची भेट. वर्षाच्या आत ते गेले आणि पट्टा परत करायचा राहिला.

आनेकलहून आल्यावर दुसऱ्या दिवशी सहाला मी निघाले. पाच वर्षांत रिकामे प्लॉट भरून गेले होते. रस्ता तोच. या खेपेला कुणीही काही विचारलं नाही. फुलवालीनं माझ्या हाताकडे पाहिलं, एक मोगऱ्याचं फूल पट्ट्याच्या कडीत अडकवलं आणि पुन्हा दोऱ्याला लागली. बँकवाल्यांची सून पाच-सहा दिवस नुसती सोबत चालली. असे वीस दिवस गेले.

एकविसाव्या दिवशी नव्या बिल्डिंगच्या फाटकात एक मुलगी उभी होती. नवी असावी, चार दिवसांपूर्वी सामान उतरताना पाहिलं होतं. हातात दुधाची पिशवी, चेहऱ्यावर माझ्या ओळखीचा एकटेपणा. तिनं पट्ट्याकडे पाहिलं, जरा घुटमळली आणि हिंदीत विचारलं, आपका कुत्ता कहाँ है?

"बरत्ते," मी म्हटलं. मग तिला त्याचा अर्थ सांगायला थांबले.