वहिनीचा रस, नंदाबाईचा चहा

वाटूर गावात नंदाबाईच्या हाताला चव आहे, असं सगळे म्हणत. जो म्हणत नसे, त्याला ती स्वतःच आठवण करून देई. नवऱ्याला, मच्छिंद्रला, शुगर निघाली आणि घरातलं गोडधोड बंद झालं. परतूरच्या डॉक्टरांनी चहासुद्धा फिका सांगितला. पण नंदाबाई त्यात चिमूटभर साखर टाकायचीच. मच्छिंद्र घोट घेऊन "हां, आता कसं" म्हणायचा, आणि तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

मग मध्ये आली थोरली जाऊ, दैवशाला. तिच्या कुंपणावर गुडमारचा वेल होता. त्याचा पाला पाट्यावर वाटून, फडक्यातून गाळून ती शुगरवाल्यांना रस द्यायची. पैसा घेत नसे आणि कुणाला गोळ्या सोडू देत नसे. मच्छिंद्र उठला की तडक शेजारी, वहिनीच्या ओट्यावर. तो कडूजहर रस तोंड वाकडं न करता प्यायचा. बायकोनं कारलं केलं की ताट सरकवणारा माणूस हा. नंदाबाई भिंतीआडून बघायची आणि जळायची.

खरा घाव पुढेच होता. रस पिऊन तो तसाच चहाला आला आणि एका घोटात कप खाली ठेवला.

"गरम पानी देऊन राह्यली का? काहीच चव न्हाई."

इतक्या वर्षांच्या संसारात असं तो कधी बोलला नव्हता. वहिनीच्या हातचं कडू याला चालतं आणि आपलं गोड पानचट लागतं, एवढंच नंदाबाईला कळलं. तिनं साखर वाढवली. दुसऱ्या दिवशी तीच तक्रार. तिनं अजून वाढवली. शेवटी तो चहा की पाक, हे सांगणं कठीण झालं, तरी मच्छिंद्रचं तोंड आंबटच.

पुढच्या तपासणीत शुगर भलतीच चढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळी वाढवली, पायाला मुंग्या येतात का विचारलं, आणि मच्छिंद्र हो म्हणाला. गावानं एका दिवसात निकाल लावला: दैवशालेचा रस बाधला. तिचा ओटा ओस पडला. मच्छिंद्रनंही जायचं बंद केलं. नंदाबाईला नवऱ्याच्या तब्येतीची धास्ती होती, पण जावेची फजिती झाली म्हणून आत कुठंतरी गारही वाटत होतं.

ती फजिती डोळ्यांनी बघायला ती दुसऱ्याच सकाळी, चहा टाकायच्याही आधी, शेजारी गेली. दैवशाला एकटीच पाला निवडत होती.

"तूच पेऊन सांग नंदा, काय वाईट हाय यात," असं म्हणत तिनं पेला पुढे केला. खोड काढायची म्हणून नंदाबाई प्यायली. तोंड कडू झालं, तसा दैवशालेनं गुळाचा खडा दिला. नंदाबाईनं तो जिभेवर ठेवला. माती. ती बघतच राहिली.

"या पाल्यानं घडीभर गोड कळतच न्हाई," दैवशाला म्हणाली. "भाऊजी फिकाच चहा पेतेत, त्यांना काय फरक पडतो? म्हणून मी कधी बोलले न्हाई."

नंदाबाईच्या तोंडात गूळ विरघळत होता. हाताची चव कुठंच गेली नव्हती. त्याच हातानं तिनं नवऱ्याच्या रक्तात साखर ओतली होती.

"रसानं न्हाई, माझ्या चहानं झालं सगळं," ती म्हणाली. जावेला सांगितलं, मग घरी येऊन नवऱ्यालाही.

"मला वाटलं, तू वहिनीच्या रागानं बिनसाखरेचा देऊन राह्यली," मच्छिंद्र म्हणाला. "मी नुसतं विचारायला पायजे होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच त्याला शेजारी पाठवलं. परत आल्यावर फिका चहा पुढे ठेवला. खरंच फिका. मच्छिंद्रनं घोट घेतला, तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "हां, आता कसं."

तो खोटं बोलतोय, हे तिला ठाऊक होतं. तरी भिंतीपलीकडं नीट ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "अजून देऊ का घोटभर?"