बर्फवाला बाबा

आदल्या दिवशी बायकोनं आणि मी मिळून चादरीची घडी घातली. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. तिला खोकला आला की मी थांबायचो. मग परत टोकाला टोक. "नीट धरा की, वैरण बांधताय व्हय?" म्हणाली. तेवढंच. त्यानंतर दोघांनी मिळून घरातलं काम केलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला पुण्याला न्यायचं होतं. जन्मभर विड्या वळल्या तिनं, छातीत गाठ निघाली. सोलापूरच्या एका लॅबनं गाठीचा तुकडा घेऊन जीन तपासले होते. जीन कळले की कुठली गोळी लागू पडेल ते ठरतं म्हणे. पण रिपोर्ट अर्धवट होता. पुण्याच्या डॉक्टरला तीच तपासणी परत चालवून बघायची होती. लॅबच्या खिडकीतल्या माणसानं माझ्या हातावर पेन ड्राइव्ह ठेवला. "यात तुमच्या बायकोचे जीन आहेत, आमची तपासणीपण आहे. जपून न्या."

मी चौथी शिकलेला. सारा जन्म यंत्रमागावर. जीन म्हणजे तिच्या अंगातलंच काहीतरी, एवढं मला समजलं. आधी तिचं रक्त पोचवताना याच लोकांनी बर्फात न्या म्हणून बजावलं होतं. त्यात मे महिना. मी तो ड्राइव्ह दोन पिशव्यांत गुंडाळला, घट्ट गाठ मारली आणि थर्मासात बर्फावर ठेवला. वाटेत दोनदा बर्फ बदलला.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात टेबलावर थर्मास उघडला. डॉक्टरनं आत डोकावून बघितलं. शेजारच्या दोघांना हाक मारली.

"या, बघा. पेन ड्राइव्हला ताप आलाय."

लई हसले. एकानं फोटो काढला. ती खुर्चीत पदर तोंडाला लावून बसली होती. ती हसली नाही.

मग ड्राइव्हवरची तपासणी चालेना. कॉम्प्युटरवर नुसती लाल अक्षरं. लॅबला फोन लावला. तिकडून लॅबच्या मोठ्या साहेबाचा आवाज आला, "आमच्याकडे व्यवस्थित चालतंय. बर्फात घातल्यावर दुसरं काय होणार?" फोन स्पीकरवर होता. तिनंही ऐकलं.

इथं जे चालत नाही त्यावर गोळी देता येत नाही, नव्यानं तुकडा काढावा लागेल म्हणाले. तिच्या अंगात सोसायची ताकद उरली नव्हती. गोळी ठरायच्या आत ती गेली.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भाऊबंद म्हणाले, तिचं काय राहिलंय ते बोल. माझ्या डोक्यात एकच. बर्फ. मी मारली हिला. अन्न गिळवेना. शेवटी म्हटलं, एकदा विचारून तरी येऊ.

लॅबमध्ये कॉम्प्युटरवर बसणाऱ्या एक बाई होत्या. मी काय विचारतोय ते त्यांनी ऐकलं आणि मला बाहेर चहाच्या गाड्यापाशी घेऊन आल्या.

"बाबा, बर्फानं काही झालेलं नाही. पुण्याहून आलेली लाल अक्षरं मी वाचली, फाइली तिथं नीट उघडत होत्या. आमची तपासणीच आमच्या कॉम्प्युटरला बांधलेली आहे."

त्यांनी समजावून सांगितलं. तपासणी म्हणजे एक काम नव्हे, पायऱ्या असतात. एका पायरीवर जे निघतं ते पुढच्या पायरीला लागतं. कुठल्या पायरीला कुठलं हत्यार, म्हणजे कॉम्प्युटरमधला कुठला प्रोग्राम, ते जुनं का नवं, कुठं ठेवलंय, हे सगळं त्या एकट्या कॉम्प्युटरला ठाऊक. जागा बदलली की संपलं. सगळी हत्यारं एका डब्यात बंद करून, पायऱ्या सगळ्यांना कळतील अशा लिहून दिल्या, तर डबा कुठंही उघडा, तेच काम होतं. बाकी ठिकाणी असंच करतात. त्यांनी साहेबाला सांगून बघितलं होतं. साहेब म्हणाले, "आपल्या घरात चालतंय की."

आपल्या घरात चालतंय. माझ्या घरातलं माणूस गेलं.

चहा तसाच ठेवून मी आत गेलो. साहेब खिडकीपाशी अक्कलकोटच्या एका माणसाला ड्राइव्ह देत होते. "हा बर्फात घालू नका हं. एका बाबानं असाच बायकोचा रिपोर्ट घालवला." रांगेतली माणसं हसली. म्हणजे माझी गोष्ट रोज सांगत होते.

"तो बाबा मी," मी म्हणालो. "बर्फानं काय बिगडलं न्हाय, सायेब. तुमचं काम तुमच्या उंबऱ्याभायेर चालत न्हाय. ते आदी सांगा हेला."

"हे कोणी भरवलं तुमच्या डोक्यात?"

मी बाईंचं नाव घेतलं नाही.

"आजोबा, तुम्हाला कळतं का त्यातलं काही?"

"कळत न्हाय म्हणूनच माज्या गळ्यात बांदलं की तुमी."

वॉचमननं मला दंडाला धरून बाहेर काढलं. घरी आलो आणि तिच्यामागं पहिल्यांदा पोटभर जेवलो. रडलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडायच्या आधी जाऊन पायरीवर बसलो. वॉचमन म्हणाला, "बाबा, परत आला व्हय?" मी म्हणालो, "रोज येनार." पहिली एक बाई आली, नवऱ्याचा रिपोर्ट न्यायला. तिला शेजारी बसवलं. म्हणालो, "ताई, हातात घ्यायच्या आदी इचार, हे दुसऱ्या दवाखान्यात चालंल का. चालवून दावा म्हन. दावलं न्हाय तर खिडकी सोडू नगं."

ती आत गेली. मी उठून तिच्या मागं उभा राहिलो.