शब्द नसलेलं राष्ट्रगीत आणि बस धुणाऱ्या बाया

देशाचं गीत वाजत असताना तुम्हाला ओठ मिटून नुसतं हुंकारत उभं राहावं लागलं, तर लाज वाटेल का तुम्हाला? नाही? मग भोंगाबाईची गोष्ट ऐकाच. तिला वाटायची.

भोंगाबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. शहराच्या बस डेपोत गाड्या धुणाऱ्या बायांची ती पुढारीण. पाण्याचा पंप, चालू इंजिनं आणि मुकादमाच्या शिव्या, या सगळ्यांच्या वर तिचा आवाज जायचा, म्हणून ड्रायव्हर लोकांनी हे नाव पाडलं. तिला त्याचा रागही नव्हता. एखादा नवा ड्रायव्हर चाचरत नुसतं ‘बाई’ म्हणाला, तर तीच दटावायची, “बाया इथे ढीगभर आहेत रे. भोंगा एकच आहे.”

तर त्या देशाच्या गीताला चाल होती, शब्द नव्हते. पूर्वी होते, त्यात राजाचं आणि त्याच्या घोड्यांचं गुणगान होतं. राजा गेला, तसे शब्दही काढून टाकले. चाल बरी होती म्हणून ठेवली. नवे शब्द कोणते घालायचे यावर मात्र कोणाचं कोणाशी पटेना. डोंगराकडच्यांना डोंगर हवा, किनाऱ्याकडच्यांना समुद्र. देवाचं नाव घाला म्हणणारे हमरीतुमरीवर, घालू नका म्हणणारे त्याहून जास्त. समित्या बसायच्या, चहा प्यायच्या, उठायच्या. आणि लोक आपले शाळेत, मैदानात, टीव्हीसमोर उभे राहून ‘हं हं हं’ करायचे.

“दाढ दुखल्यासारखे कण्हतात मेले,” भोंगाबाई म्हणायची.

“काय बिघडलं?” तिचा नवरा म्हणायचा. तो त्याच डेपोत ड्रायव्हर. “शब्द असते तर पाठ करावे लागले असते.”

“तुला बसचा रस्ता पाठ होत नाही, गाणं काय होणार!”

डेपोतल्या बायांनी मात्र त्या चालीला शब्द घातले होते. कोणी ठरवून नाही. गाडी धुताना दोन्ही बाजूंना बाया उभ्या राहतात, हातात लांब दांड्याचे ब्रश. एकीचा ब्रश वर जातो तेव्हा शेजारणीचा खाली यायला हवा, नाहीतर साबणाचं पाणी सरळ डोळ्यांत. आणि फेस सुकायच्या आत गाडी संपायला हवी, नाहीतर पत्र्यावर पांढरे ओघळ राहतात आणि मुकादम नाचतो. म्हणून हात एका ठेक्यात हवेत, आणि ठेक्याला गाणं हवं. दुपारी पंपाशेजारच्या रेडिओवर ती चाल रोज वाजायची. तीच उचलली. कोणी एक ओळ घातली, कोणी दुसरी. जमली ती राहिली, फसली ती पाण्याबरोबर गटारात गेली.

सगळ्यांत चांगली ओळ भोंगाबाईच्या नणंदेची. नणंद वयाने मोठी, नवरा वारल्यापासून यांच्याच घरात, यांच्याच पाळीत. बोलायची कमी. चार माणसांत नाव पुकारलं तरी भिंतीकडे सरकणारी. एके दिवशी मागच्या काचेवर ब्रश मारता मारता ती म्हणून गेली:

*येईल त्याला जागा इथे, कोणी उभा ना राहील.*

बाया हसल्या, मग हसायच्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्याच ती ओळ म्हणत होत्या. आणि नणंदबाई ती ओळ आली की मान वर करून गायची. घरी भांडी विसळतानासुद्धा गुणगुणायची. भोंगाबाईने नवऱ्याला कोपर मारून दाखवलं, “बघ, तुझ्या बहिणीला वाचा फुटली.”

नव्या समितीने जाहीर सुनावणी ठेवली: कोणीही नागरिक यावा, आपले शब्द सरकारी बँडच्या साथीने गाऊन दाखवावेत. भोंगाबाईने सगळ्यांची नावं देऊन टाकली. नणंद घाबरली.

“वहिनी, मला नको गं त्यात ओढू. मोठी माणसं असतात तिथे.”

“मोठी असतात तर त्यांना मोठ्या खुर्च्या देतील, वन्सं. ओळ तुमची आहे. तुम्ही पुढे उभ्या राहायचं.”

सुनावणीच्या सकाळी बँडबरोबर सराव करून घ्या, असा निरोप आला होता. भोंगाबाईने तो उडवून लावला. “आम्ही रोज गातो. सराव त्यांनी करावा.” बायांनाही पटलं. पुढे काय होईल, ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

सभागृह भरलेलं. टीव्हीवाले आलेले. धुतलेल्या साड्यांतल्या बाया रांगेत उभ्या, पुढे नणंद, हात कुठे ठेवावेत ते न कळून पदराशी चाळा करणारी. सवयीने एकीआड एक पुढेमागे उभ्या राहिल्या होत्या, मध्ये ब्रशांना जागा सोडून. बँडमास्तरांनी काठी उचलली. पहिला सूर निघाला आणि बायांनी तोंड उघडलं.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. बँड ती चाल वाजवत होता झेंडा वर चढताना वाजवतात तशी, सावकाश, एकेका सुरावर रेंगाळत. आणि या बाया गात होत्या फेस सुकायच्या आत गाडी संपवायची असते तशा. बँड पहिल्या ओळीच्या मध्यावर होता तेव्हा या तिसरीवर होत्या. नणंदेची ओळ आली. ती मान वर करून गायली. छान गायली. मग गाणं संपलं आणि बाया गप्प उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या मागे बँड आपला वाजतोच आहे, वाजतोच आहे.

आधी मागच्या रांगेत कोणीतरी एकच फिसकन हसलं. मग सगळं सभागृह हसलं. पोट धरून हसलं. समितीतला एक चष्मेवाला माइकवर म्हणाला, “आणि राष्ट्रगीत उभं राहून म्हणायचं असतं, बाई. त्यातच ‘कोणी उभा ना राहील’ म्हणायचं म्हणजे कठीण आहे!”

परत हशा. या खेपेला टाळ्यासुद्धा.

भोंगाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो मास्तर, जरा हात उचलून वाजवा की! प्रेतयात्रा आहे का ही? परत घ्या!”

बँडमास्तर वाईट माणूस नव्हता. तो खाली वाकून हळूच म्हणाला, “बाई, याहून जलद वाजवायची मला परवानगी नाही. तुम्हीच जरा सावकाश घ्या ना. घ्या परत, मी थांबतो.”

खरं सांगायचं तर तेवढं जमलंही असतं. भोंगाबाई वळली. पण नणंद जागेवर नव्हती. ती दाराशी पोचली होती, पदर तोंडावर धरून. आणि तिच्यामागे एकेक करत सगळ्या.

समितीने निकाल दिला: जनतेत एकमत नाही, सबब गीत शब्दांविनाच राहील. एकमत! हसायला बरं एकमत झालं होतं! टपरीवर लोक म्हणाले, झालं ते बरंच झालं, शब्द आले की भांडणं आली. भोंगाबाई त्यांच्याशीही भांडली. चष्मेवाल्याच्या कचेरीत गेली तर शिपायाने बाकावर बसवून ठेवलं आणि दार बंद व्हायच्या वेळेला उठवलं. तिने ते सगळं सोसलं. सोसवेना ते डेपोतलं.

दुपारी रेडिओवर चाल लागली की पूर्वी सगळ्यांचे ब्रश उठायचे. आता कोणीतरी जाऊन रेडिओ बंद करतं. भोंगाबाई एकटी गाते, त्या एवढ्या मोठ्या आवाजात, आणि कोणी ओळ उचलत नाही. ब्रश कसेही चालतात, पाणी एकमेकींच्या डोळ्यांत उडतं, पत्र्यावर ओघळ राहतात. मुकादम ओरडतो. बाया ऐकून घेतात.

शेवटी तिने घरी नणंदेला गाठलं. “वन्सं, सराव मी नाकारला. चूक माझी. मला हवं ते बोला. पण गाणं सोडू नका.”

नणंद भांडं घासत राहिली. “तुला काय, तू सगळ्यांना पुरून उरतेस. मला सगळा देश हसला गं वहिनी. आता ती ओळ तोंडात आली की तेच हसणं ऐकू येतं.”

“चार टवाळ हसले—”

“चार नव्हते.”

यावर भोंगाबाईकडे उत्तर नव्हतं. तिच्यासारखीकडे नव्हतं, तर माझ्याकडे कुठून असणार? ती रोज विचारते, नणंद रोज भिंतीकडे सरकते.

पण तुमच्याकडे आहे. त्या दिवशी तुम्ही सभागृहात असाल, नाहीतर टीव्हीसमोर. हसलाही असाल, उगाच नाही म्हणू नका. मग एक काम करा. डेपोच्या मागच्या फाटकातून दुपारच्या पाळीला आत या, कोणी अडवत नाही. मागची काच धुणारी, कमी बोलणारी बाई शोधा. आणि तिला तोंडावर सांगा: बाई, मी हसलो होतो, पण तुमची ओळ मला पाठ आहे. मग तिच्यासमोर ती म्हणून दाखवा.