एक बाजू सपाट

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, घडी करून पाकिटात घातला आणि विचारलं, "ताई, सोबत कोण आहे?"

"कुणी नाही. मीच आलेय. सांगा."

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, मग सांगितलं. डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली होती. बायॉप्सी, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासतात, त्यात ते कळलं होतं. काखेतही पसरल्यासारखं वाटत होतं. स्तन काढावा लागणार होता.

मी म्हटलं, "दूध संस्थेत माझ्या जागी कुणालातरी लावून यावं लागेल. चार दिवस द्या."

"चारच," ते म्हणाले.

बाहेर बाकावर येऊन बसले. पाण्याची बाटली उघडता येईना. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे सगळ्यांनी मला धीराची बाई ठरवून टाकलं. त्या दिवशी शेजारच्या अनोळखी माणसाने माझ्या बाटलीचं झाकण काढून दिलं होतं.

माझं गाव शिरूर कासार तालुक्यात आहे. गावात बायकांची सहकारी दूध संस्था आहे आणि मी तिची सचिव. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून घ्यायचं, फॅट तपासायची, कॅन गाडीत चढवायचे. घरच्या दोन म्हशी. आमचे मालक माजलगावकडच्या सहकारी साखर कारखान्यात वजनकाट्यावर. एकुलती मुलगी रेणुका पुण्याला नोकरीत.

गाठ मला श्रावणातच लागली होती, आंघोळ करताना. आता माझी चूक सांगते. म्हशीची कास कडक झाली की आमच्याकडे तिला दगडी झाली म्हणतात. मग कास शेकायची, कोरफड आणि हळद लावायची, चार-आठ दिवसांत मऊ पडते, नाहीतर चार सडांतला, म्हणजे आचळांतला, एखादा बाद होतो. माझा हात रोज कासेला. स्वतःच्या अंगात कडक लागलं तेव्हा दुसरं काही डोक्यात आलंच नाही. मी न्हाणीत बसून दोन महिने शेकलं, हळद लावली. झंपराच्या आतून पिवळे डाग पडले, तेवढाच उपयोग.

दगडी झालेली म्हैस कासेला हात लावू देत नाही, लाथ मारते, कारण दुखतं. माझं दुखत नव्हतं. एवढा फरक मला कळायला हवा होता. डॉक्टरांनी विचारलं, "दुखत नाही म्हणून थांबलात ना?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "दुखत नाही म्हणूनच यायचं असतं." हे वाक्य मी आता संस्थेत दूध घालायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ऐकवते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी आम्हां तिघांना बसवून कागदावर चित्र काढलं. मॅस्टेक्टॉमी म्हणजे पूर्ण स्तन काढणं. त्यानंतर रिकन्स्ट्रक्शन करता येतं, म्हणजे पाठीचा किंवा पोटाचा स्नायू कातडीसकट फिरवून पुढे आणायचा आणि त्याचा नवा स्तन घडवायचा. ते लगेच करता येतं, नाहीतर सगळे उपचार संपल्यावर वर्षभराने.

"लगेच करा," रेणुका म्हणाली.

"नंतर बघू," मी म्हणाले.

"नंतर म्हणजे नक्की ना, आई?"

मी मान हलवली. तेव्हा मला फक्त तो विषय संपवायचा होता. तिने मात्र तो शब्द धरून ठेवला.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा छातीवर जाड पट्टी होती आणि काखेखालून एक नळी निघून प्लास्टिकच्या डबीत जात होती. तिला ड्रेन म्हणतात, जखमेतलं पाणी तिच्यातून बाहेर पडतं. दहा दिवस ती डबी घरीही सांभाळायची होती. आमचे मालक रोज सकाळी ती उजेडाला धरून डोळे बारीक करून माप बघायचे. आयुष्य उसाच्या गाड्या तोलण्यात गेलेलं. "चाळीस," ते म्हणायचे. "काल पंचावन्न होतं. उतार हाय." आकडा उतरला की त्या दिवशी चहात साखर जास्त पडायची.

पट्टी उघडली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. मागून ते म्हणाले, "बघू दे मला." मग म्हणाले, "टाके लई नीट घातलेत. सरळ लाईन हाय." मला तेवढं पुरलं.

मग केमो. शिरेतून औषध देतात, दर एकवीस दिवसांनी एकदा, असे सहा वेळा. औषध चढलं की तीन दिवस जिवंत असल्यासारखं वाटत नाही, चौथ्या दिवशी भाकरीचा वास सहन होतो, आठव्या दिवशी भाकरी खावीशी वाटते. केस गेले. मी डोक्याला स्कार्फ बांधून संस्थेत खुर्चीवर बसत होते. कॅन उचलायचा नव्हता. काखेतल्या गाठी काढल्या की त्या हातात पाणी साचून तो कायमचा सुजू शकतो, त्याला लिम्फोडेमा म्हणतात. डाव्या हाताला ओझं नाही, सुई नाही, रक्तदाब मोजायचा पट्टाही नाही. केमोनंतर रेडिएशन, म्हणजे त्या जागेला किरणांचा शेक. दुखत नाही, पण कातडी काळी पडते आणि सोलते.

हे सगळं चाललं असताना बाहेर दुष्काळ होता. विहिरी आटल्या, बोअर फुसफुसायला लागले. ऊसच नव्हता म्हणून कारखान्यांचे हंगाम लवकर आटोपले आणि तोडीला गेलेली माणसं महिना दीड महिना आधीच गावात परत आली. आमच्या संस्थेने गावाबाहेरच्या माळावर चारा छावणी उघडली. हिरव्या जाळीची सावली, रांगेने दावणी, चारशेच्या वर जनावरं. जनावरापाशी घरातलं एक माणूस राहायला लागतं, आणि ते माणूस बहुतेक घरांत बाईच असते. माझं रेडिएशन संपून तीन आठवडे झाले होते. घरात पडून छताकडे बघण्यापेक्षा बरं म्हणून मीही म्हशींबरोबर छावणीत गेले. चाऱ्याच्या यादीचं काम तसंही माझंच होतं.

छावणीत न्हाणी म्हणजे चार बांबूंना गुंडाळलेली जुनी लुगडी. टँकर आला की एका वेळी चार-पाच जणींनी आत जायचं, घंगाळात उभं राहून आंघोळ करायची, साचलेलं पाणी म्हशींच्या अंगावर टाकायचं. पाणी वाया घालवायची सोय नव्हती, त्यामुळे एकटीने आंघोळ करायचीही सोय नव्हती.

मी दोन दिवस गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी गयाबाईने हाक मारली. दरवर्षी नवऱ्याबरोबर तोडीला जाणारी बाई, वय माझ्याहून कमी, हात माझ्या दुप्पट राकट.

"बाई, येता का न्हाई? पाणी गरम होऊन चाललं उन्हात."

"तुमी उरका. मी मागून येते."

"मागून पाणी न्हाई राहत. चला. कावून लाजता? आमी काय तुमाला दूध मागतोय का?"

आतल्या बाया फिसकन हसल्या. मलाही हसू आलं. मी आत गेले, झंपर काढलं. कातडी काळी, आडवा व्रण, बाकी सपाट.

गयाबाईने नीट निरखून पाहिलं. मग म्हणाली, "तीन सडाची म्हैसबी दूध देती की वो. विकायला काढतं का कुणी?" आणि माझ्या पाठीवर तांब्या रिकामा केला.

मग तिने आपलं पोट दाखवलं. बेंबीखाली उभा व्रण होता. पिशवी काढलेली, म्हणजे गर्भाशय. तिच्या शेजारच्या बाईलाही तसाच होता, पलीकडचीलाही. पाच जणींत तिघी. एकीचं वय तर अठ्ठावीसच. पाळी आली की तोडीला खाडा पडतो, दुखलंखुपलं की डॉक्टर म्हणतो काढून टाका, घरचे म्हणतात काढून टाका. मला हे माहीत नव्हतं असं नाही. आमच्या भागात हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण असे एका रांगेत व्रण मी कधी पाहिले नव्हते.

"तुमाला डॉक्टरनं चित्र काढून सांगितलं म्हणं," गयाबाई म्हणाली. "आता पुढं काय करायचं तेबी इचारलं?"

"हो. नवीन बसवून देतो म्हणाले. नको असेल तर नको."

"नको असंल तर नको," तिने परत म्हणून पाहिलं. "असं आमाला न्हाई बा कुणी इचारलं."

ती ते रडत बोलली नाही. बोलता बोलता टाच घासत होती. पण माझ्या डोक्यातून ते वाक्य गेलं नाही. तोवर मी डॉक्टरांच्या प्रश्नाला टाळायची गोष्ट समजत होते. त्या दिवसापासून मी त्यावर खरोखर विचार करायला लागले. मला विचारलं आहे, तर उत्तर माझंच पाहिजे. रेणुकाला बरं वाटावं म्हणून 'हो' नाही, आणि कंटाळा आला म्हणून 'नको'ही नाही.

छावणीच्या बाकीच्या दिवसांत मी रोज त्या रांगेत आंघोळ केली. सातव्या-आठव्या दिवशी लक्षात आलं, की मी आता स्वतःच्या छातीकडे बघतच नाही. मला तिथे काही कमी आहे असं वाटत नव्हतं. दुखायचं थांबलं होतं. पाठ चांगली होती. वाकता येत होतं, धार काढता येत होती. जिथे दुखत नाही तिथे कापून, जिथे दुखायचं थांबलंय तिथे लावायचं, हे माझ्या मनाला पटेना.

वर्ष भरलं आणि रेणुकाने अपॉइंटमेंट घेतली. मला विचारलं नाही. रजा टाकून आली, घरून मला घेतलं, दवाखान्याच्या वेटिंगमध्ये बसवलं. हातात फाईल, तीत तिने काढून आणलेले फोटो, आधीचे आणि नंतरचे. शेजारी तिशीतली एक मुलगी होती, तिचं रिकन्स्ट्रक्शन झालेलं. ती खूश होती आणि तिने आम्हांला सगळं मोकळेपणाने सांगितलं. तिच्यासाठी ते बरोबरच होतं. इथे वाचणाऱ्या कुणाला ते करावंसं वाटत असेल तर जरूर करा, माझ्या नादी लागू नका.

डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "मग, काय ठरलं?"

"मला नको आहे," मी म्हणाले.

"आई!" रेणुका म्हणाली. "तू नक्की म्हणाली होतीस."

"मान हलवली होती."

ती डॉक्टरांकडे वळली. "सर, ही अशीच आहे. घरात कुणाला त्रास नको, म्हशींना कोण बघेल, दुष्काळात दवाखाना कशाला. आयुष्यभर हिने स्वतःसाठी काही घेतलं नाही. आताही तेच करतेय." तिने तोंड फिरवलं.

डॉक्टर मला म्हणाले, "ताई, ही म्हणते तसं असेल तर सांगा. आपण सोय करू. मदतीच्या योजना आहेत."

"तसं नाही." मग मी तिच्याशी बोलले. "रेणू, इकडे बघ. मी स्वतःसाठी काही घेतलं नाही म्हणतेस, ते खरं असेल. पण हे 'नको' मी घेतलंय. तुझ्यासाठी नाही, तुझ्या बापासाठी नाही, म्हशींसाठी तर नाहीच. माझी पाठ मला पाठीवरच पाहिजे. तू मला पुरती करायला निघालीस. मी पुरती आहे."

"तुला वाईट वाटत नाही?"

"वाटलं होतं. लई वाटलं. आता आंघोळ करताना गाणं म्हणते, विचार तुझ्या बापाला."

"गाणं?" ती रडता रडता म्हणाली. "तुला येतं कुठे?"

डॉक्टर कागद भरत होते. त्यांनी फाईलवर लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं, की रुग्णाने पूर्ण विचाराने नकार दिला आहे. मग रेणुकाला म्हणाले, "न करणं हाही उपचारातलाच एक पर्याय आहे. तुमच्या आईने तो निवडलाय. दर सहा महिन्यांनी तपासणीला आणा, तिथे मात्र नकार चालणार नाही."

परत येताना गाडीत ती डोळे मिटून बसली. तिला पटलं की नुसती दमली, ते मला कळेना.

शिरूरला उतरल्यावर ती घराच्या रस्त्याला न लागता बाजारात वळली. शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या दुकानात मला घेऊन गेली. वर्षभर मी जुने झंपर घालत होते. डाव्या बाजूचं कापड पोकळ राहून चुणी पडायची, पदर सतत ओढून घ्यावा लागायचा.

"चार ब्लाउज शिवायचेत," रेणुका म्हणाली. "डाव्या बाजूला टक्स नकोत. ती बाजू सपाट. उजवीकडे नेहमीसारखं."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. तिने आवाज खाली आणला नाही. शिवणाऱ्या बाई गोंधळल्या. टेप हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या, पण डावीकडे कुठून कुठे धरावी ते त्यांना कळेना आणि विचारवेनाही.

"द्या इकडे," रेणुका म्हणाली.

माझ्या ऑपरेशनला वर्ष झालं होतं. तिने पट्ट्या पाहिल्या होत्या, औषधं आणली होती, पण त्या जागेला कधी हात लावला नव्हता. तिने टेपचं टोक माझ्या काखेशी धरलं, दुसऱ्या हाताच्या तळव्याने टेप सपाट छातीवरून हळू दाबत मधोमध आणली आणि आकडा सांगितला. बाईंनी तो लिहून घेतला. रेणुकाचा तळवा अजून तिथेच होता.

"जास्त आवळ नको ना, आई?" तिने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "अगदी बरोबर आहे."