माझे हक्कसोडपत्र मी लिहिले नाही

तासगावच्या कचेरीसमोर लिंबाच्या झाडाखाली माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले. तरी मी लिहिलेला अर्ज साहेबांनी परत केल्याचे या आवारात कोणास आठवत नाही. हे अहंकाराने नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नमूद करते. बाईचा कागद चालायचा नाही, असे सुरुवातीला म्हणणारे पुरुष अर्जलेखक आज अडलेले वाक्य माझ्याकडून पुरे करून नेतात.

माझ्याकडे सर्वात जास्त येणारा कागद म्हणजे बहिणींचे हक्कसोडपत्र. बाप वारला की सातबाऱ्यावर मुलांसोबत मुलींचीही नावे लागतात. मग भाऊ गाडी करून बहिणींना घेऊन येतात. वाटेत जेवण होते, प्रत्येकीच्या मांडीवर नवी साडी येते आणि जमिनीवरचा तिचा हक्क स्वखुशीने सुटतो. मी मजकूर मोठ्याने वाचून प्रत्येकीला कळला का म्हणून विचारते. बहुतेक जणी साडीच्या काठावरून बोट फिरवत मान डोलावतात.

आमचे वडील गेल्यावर माझा धाकटा भाऊही असाच आला. माझे माहेर औंधच्या अलीकडे. सोबत आई होती, वहिनी होती. वहिनी मांडीवर पिशवी घेऊन बाकावर बसली. शेजारच्या अर्जलेखकाने, आज गिऱ्हाईक घरचंच व्हय, असा टोमणा मारला.

"ताई, कागद तूच लिव," भाऊ म्हणाला. "घरचीच लेखणी हाय. दुसऱ्याला कशाला सांगायचं?"

त्याने पिशवीतील साडी काढून माझ्या कागदांवर ठेवली. मी विचारले, ही भाऊबिजेची की सहीची? तो हसून म्हणाला, दोन्हीची समज. मी घडी न मोडता साडी त्याच्याकडे सरकवली. भाऊबिजेची असेल तर भाऊबिजेला दे, म्हटले. सहीची असेल तर परत ने, कारण सही होणार नाही.

तेव्हा त्याचे हसू गेले. रान तो कसतो, पाणी तो पाजतो, मी तिथे कधी खुरपे तरी धरले होते का, असे त्याने चारचौघांत विचारले.

"मला नववीतनं काढली ती खुरपं धरायलाच," मी म्हणाले. "तू दप्तर घेऊन बांधावरनं जायचास, तवा खाली वाकलेली कोण होती रं?"

आई मध्ये पडली. "आगं, जमिनीपायी भावाला तोडलंस, तर भाऊबिजेला कुणाच्या दारात जाशील?"

"माझ्या रानात येईन, आई."

महिला दिनाच्या व्याख्यानांना मला खुर्ची मिळते. तेथे स्त्रीवाद या शब्दाचा उच्चार फार भारदस्त होतो. माझ्या लेखी त्याचा अर्थ सोपा आहे. मागत नाही ती लेक गुणाची, ही व्याख्या ज्यांनी केली त्यांच्याच नावावर जमीन आहे. मी गुणाची ठरण्यास नकार दिला. माहेर तुटले तर ते माझ्या नकाराने तुटले, असे मी मानणार नाही; सहीवाचून जे टिकत नव्हते, ते माहेर नव्हतेच.

दिवाळीत मी म्हटल्याप्रमाणे माहेरी गेले. ओवाळणीचे ताट सोबत नेले होते. पाट मांडलेला होता. भाऊ त्यावर बसला नाही, मळ्याकडे निघून गेला. आई चुलीपुढून उठली नाही. मी ताट देवापुढे ठेवले आणि रानात जाऊन आमच्या बांधावर बसले. ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. भाऊ विहिरीपाशी उभा होता. त्याने मला पाहिले, मीही त्याला पाहिले. ऊठ म्हणण्यास तो आला नाही. तो अधिकार त्याला नाही, हे त्यालाही आता ठाऊक होते.

थोड्या वेळाने वहिनी चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देऊन तिने विहिरीकडे पाठ केली आणि शेजारी टेकली.

"वन्सं," ती हळू आवाजात म्हणाली, "माझ्या भावानं बी गाडी ठरीवलीया. पुढल्या आठवड्यात सहीला न्यायचं म्हनतोय."

मग तिने विचारले, "न्हाई म्हनताना तुमी पयलं काय बोलला हुता?"

मी तिला सांगितले, आणि पहिले वाक्य तिच्याकडून मोठ्याने म्हणून घेतले: ही भाऊबिजेची की सहीची?