बांबूवर टांगलेलं नेट

दिवाळी झाली की आमच्याकडे मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. गावागावांत सोयरे जमतात, दंडारीचे नाच-खेळ होतात, मैदानात दुकानं लागतात. त्यातलं मनिहारीचं एक दुकान आमचं. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, खोट्या मोत्यांच्या माळा. मंडयांचे दोन महिने आम्ही घरी नसतोच. पोरीच्या बाबांनी जुन्या मेटॅडोरमध्ये फळ्यांचा पलंग ठोकला आहे. पलंगाखाली मालाच्या पेट्या, कोपऱ्यात गॅसची लहान शेगडी, दाराशी पाण्याची कॅन. ताडपत्री सोडली की घर, उचलली की दुकान.

या घरात सगळं आहे, पण नेटचा भरवसा नाही. त्यासाठी यांनी युक्ती काढली. लांब बांबूच्या टोकाला प्लास्टिकची टोपली बांधायची, तिच्यात आपला मोबाईल हॉटस्पॉट चालू करून ठेवायचा आणि बांबू गाडीला उभा बांधायचा. उंचावरच्या मोबाईलला नेट मिळतं आणि ते खाली पोरीच्या मोबाईलवर उतरतं. पहिल्या वेळी धूळ बसू नये म्हणून आम्ही मोबाईल स्टीलच्या डब्यात घालून, वरून झाकण लावून चढवला होता. बराच वेळ दोघंही वर पाहत बसलो. पोरीने येऊन डबा पाहिला, "स्टीलच्या आत नेट शिरते का?" म्हणाली आणि हसत हसत खालीच बसली.

मागच्या मंडयांच्या वेळी ती आमच्यासोबत गाडीतच राहत होती. नर्सिंगचा कोर्स संपला होता, नोकरी लागायची होती. अशात नागपूरच्या एका दवाखान्याकडून तिला मेसेज आला. उद्या दुपारी तीन वाजता मोबाईलवर, चेहरा दिसेल असा, इंटरव्ह्यू. जागा थोड्या आणि मुली पुष्कळ, म्हणून वेळ चुकली तर पुन्हा बोलावणार नव्हते.

दुसऱ्या दिवशीची मंडई लाखांदूरकडच्या एका गावात होती. सकाळीच जाऊन यांनी मुद्दाम टॉवरच्या अगदी खालची जागा धरली. "आज तं बांबूचंही काम नाही," ते म्हणाले. पोरीने लावून पाहिलं, नेट धो धो येत होतं. आम्ही निश्चिंत झालो. तिथेच चुकलं.

दुपारपर्यंत दहा गावची माणसं आली. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल. कोणी दंडारीचा व्हिडिओ काढतो, कोणी तो लगेच पाठवतो. टॉवर एक आणि ओढणारे एवढे. मोबाईलवर सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसत होत्या, पण चित्र जागचं हलेना. बांबू उभा केला तरी तेच. गाडी काढून गावाबाहेर न्यावी तर समोर पाळण्याचे खांब रोवलेले, मागे जिलेबीची भट्टी.

"जाऊ दे आई," पोरगी म्हणाली. "दुसरीकडं भरीन अर्ज." पण तिने केस नीट विंचरले होते आणि इस्त्रीचा कुर्ता घातला होता.

मी तेव्हा गावातल्या एका सुनेच्या हातात बांगड्या भरत होते. ती सहज म्हणाली, "त्या निळ्या घरी वायरचं नेट आहे वो. त्याईचा पोरगा घरूनच कंपनीचं काम करते."

मी यांच्याकडे पाहिलं. दुकानात गिऱ्हाईक दाटलेलं, ते उठू शकत नव्हते. "जा ना," ते म्हणाले. "तू बोललीस म्हनून का गाव बुडते?"

मी अनोळखी घराच्या पायरीवर कधी चढत नाही. दुकानातही भाव सांगायचं काम यांचं, मी फक्त बांगड्या भरते. तरी बांगड्यांची थैली खांद्याला अडकवली, पोरीचा हात धरला आणि निघाले. हातात काही असलं की मला जरा धीर येतो.

निळ्या घराची पुढची छपरी पाहुण्यांनी भरली होती. मी तोंड उघडायच्या आत कोणीतरी सतरंजी सरकवली, कोणीतरी आमच्या पुढ्यात पोहे आणि चहा ठेवला. मंडईच्या दिवशी दारात आलेला माणूस कोणाचा ना कोणाचा सोयराच असतो, म्हणून कोणी विचारतच नाही. घरची म्हातारी पोरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होती. मंडईत लग्नंही जुळतात. नटलेली पोरगी आणि सोबत आई म्हटल्यावर तिने आपला अर्थ काढला.

"पोरगी गोमटी आहे," ती म्हणाली. "कोनाले दाखवाले आनली वो?"

घड्याळ तीनच्या जवळ आलं होतं. मी चहाची बशी खाली ठेवली. मी म्हटलं, "आमी पाहुने नाही जी. मंडईत मनिहारीचं दुकान आहे आमचं. पोरीचा नोकरीचा इंटरव्ह्यू आहे आता. मैदानात नेट चालत नाही. तुमच्याकडं आहे म्हनून आलो."

एवढं मी एका दमात कधी बोलले नव्हते. छपरीतली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता उठावं लागेल.

"मंग पहिले काहून नाही सांगितलं?" म्हातारी म्हणाली. "पोहे काय पळून जाऊन राहिले? सूनबाई, लाव तिले नेट."

सुनेने पासवर्ड टाकून दिला आणि आतली धानाची खोली उघडली. नेटची डबी तिथेच भिंतीला होती. नव्या धानाची पोती छतापर्यंत लागलेली. एका पोत्यावर पोरगी बसली, दुसऱ्यावर मोबाईल टेकवला. दार लोटून मी बाहेर आले.

आता छपरीतला गोंगाट पुन्हा वाढू लागला. लेकरं, हसणं, भांडी. गप्प राहा असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? मी दाराला पाठ लावून बसले आणि थैली सोडली. म्हातारीचा हात हातात घेतला. हाडं जाड, पंजा कामाचा. अशा हातात काचेची बांगडी चढवायची तर अंगठा दाबून धरावा लागतो आणि तेवढा वेळ बाई श्वास रोखते. सगळ्या बायका सरकून भोवती आल्या. बांगडी फुटते की काय म्हणून त्याही चूप. एक हात झाला की दुसरीने पुढे केला.

"आतमंदी नवरदेव कसा दिसते, पाहू तं दे वो," एक जण हळूच म्हणाली.

"मोबाईलात नवरदेव नाही, डॉक्टरीनबाई आहे," मी म्हटलं.

"चांगलंच आहे मंग. नवरदेव हुंडा मागते, हे पगार देईन."

तोंडावर पदर धरून हसल्या, आवाज केला नाही.

आतून पोरीचा आवाज येत होता, अर्धा हिंदी, अर्धा इंग्रजी. मला सगळं समजत नव्हतं. एक समजलं. घरी कोण कोण आहे असं विचारलं असावं, कारण ती म्हणाली, "मम्मी-पापा का चलता-फिरता दुकान है. अभी उनके साथ गाडी में ही रहती हूँ." आवाज कुठे दबला नाही. माझ्या हातातली बांगडी तेवढा वेळ तशीच राहिली.

ती बाहेर आली तेव्हा कुर्त्याला धानाचा भुसा लागला होता. "सगळं विचारलं," ती म्हणाली. "उद्या कळवतो म्हनाले."

म्हातारीने बांगड्यांचे पैसे काढले. मी घेईना. तिने ते पोरीच्या मुठीत कोंबले. "नोकरी लागली तं सांगाले ये," म्हणाली. "पोहे अर्धेच खाल्ले तुमी."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुढच्या मंडईला निघालो. जंगलाच्या रस्त्याला नेट गेलं. पोरगी पुढे बसून मोबाईल खिडकीबाहेर धरून होती. जंगल संपलं, धानाच्या बांध्या लागल्या आणि मोबाईलवर एकामागून एक मेसेज वाजू लागले. यांनी गाडी बाजूला घेतली. पोरीने वाचलं, पुन्हा वाचलं.

"सोमवारपासून या म्हनते," ती म्हणाली.

हे खाली उतरले, चारही चाकं पायाने दाबून पाहिली आणि परत येऊन बसले. "नागपूरला मालासाठी जाचंच होतं," एवढंच बोलले. पण गाडी लवकर सुरू केली नाही.

यंदा पोरगी नागपुरात आहे. सुट्टी मिळत नाही. मंडईत टोपली वर चढली की ती माझ्या मोबाईलवर चेहरा दाखवते. या महिन्यात पुन्हा त्या गावची मंडई आहे. निळ्या घरी मी या वेळी एकटीच जाणार आहे. पोरीने म्हातारीसाठी नागपूरहून पेढे पाठवले आहेत.